रविवारचा सत्संग

प्रमिलाबाईंना कोणी विचारलं की तुम्हाला खायला काय आवडतं, तर त्यांना त्या प्रश्नाचाच राग यायचा. आवडतं म्हणजे काय? ताटात येतं ते आवडतं! शिंदखेड्याकडच्या माहेरी त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा जितक्या मायेने खाल्ला, तितक्याच मायेने वडिलांनी नदीतून धरून आणलेले खेकडे खाल्ले. लग्न होऊन नवऱ्याबरोबर, म्हणजे हिलालभाऊंबरोबर, सुरतेला आल्या तेव्हा गावाकडच्या बाकीच्या बायका इथल्या गोड डाळीला नाकं मुरडत होत्या. प्रमिलाबाईंनी मात्र लोचो, खमण, उंधियू, पोंक, घारी अशा सगळ्यांशी पहिल्याच वर्षी सोयरीक जमवली. अशा बाईचं पोट म्हणजे धर्मशाळाच. तिथून कोणाला परत पाठवत नाहीत.

या स्वभावाला पुस्तकात नाव आहे हे त्यांना फार उशिरा कळलं. त्यांची लेक योगिता नववीत. एकदा ती विज्ञानाचा धडा मोठ्याने पाठ करत होती. जे प्राणी वनस्पती आणि मांस दोन्ही खातात त्यांना मिश्राहारी म्हणतात. उदाहरणार्थ कावळा, कोंबडी, अस्वल, डुक्कर, माणूस. साडीला लेस लावता लावता प्रमिलाबाईंचा हात थांबला.

"अस्वल बी?"

"हो. बोरं खातं, मध खातं, मासे पण खातं."

"म्हंजे तुन्ही नूतनमावशी," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि एकट्याच हसत बसल्या. आपण एकट्या खादाड नाही, आपली मोठी जमात आहे, तिच्यात आकाशात उडणारेही आहेत आणि गुहेत झोपणारेही, या विचाराने त्यांना दिवसभर बरं वाटत राहिलं.

पण ही जमात ज्या घरात राहत होती त्या घराची अट मात्र शुद्ध शाकाहाराची होती, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी ते नवागामात राहायचे. एका खोलीत सगळा संसार, पाण्याला रांग, संडासाला रांग. हिलालभाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, पाळी करून यायचे तेव्हा त्यांना झोपायला जागा करायची म्हणून प्रमिलाबाई लेसच्या साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन बाहेर उभ्या राहायच्या. मग कोणीतरी पर्वत पाटियाच्या मागच्या सोसायटीतली खोली सुचवली. वरचा मजला, स्वतंत्र मोरी, वर गच्ची. खाली घरमालकीण हंसाबेन एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा आणि सून बडोद्याला. हंसाबेनने एकच प्रश्न विचारला.

"नॉनवेज तो नथी खाता ने?"

हिलालभाऊ खाली चपलांकडे बघायला लागले. प्रमिलाबाई त्याच वेळी मोरीतला नळ फिरवून बघत होत्या. मनगटाएवढी जाड धार धो धो बादलीत पडली. सकाळ नाही, पाण्याची वेळ नाही, आणि धार! प्रमिलाबाई त्या धारेकडे बघतच म्हणाल्या, "ना बेन, अमे तो बिलकुल नहीं."

मी म्हणतो, त्या धारेसमोर तुम्हीही हेच म्हणाला असता.

खोली मिळाली आणि प्रमिलाबाई सुखात पडल्या. पण सोमवार, मंगळवार, बुधवार नुसत्या डाळीवर काढल्यावर हिलालभाऊ भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. शेवटी रविवारी तिघंही धुतलेले कपडे घालून नवागामला निघाली. तिथे प्रमिलाबाईंची धाकटी बहीण नूतन आणि तिचा नवरा गोपाल राहायचे. नूतनच्या हातचा काळ्या मसाल्याचा रस्सा म्हणजे असा, की जेवणाऱ्याच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि तरीही वाटी पुढेच. हाडं चोखून तिघं संध्याकाळी परत निघाली. हातांना लिंबू चोळलं, बडीशेप चावली, हिलालभाऊंनी तर खबरदारी म्हणून मिशीला खोबरेल लावलं.

असे तीन-चार रविवार गेले. एकदा परत आली तेव्हा दाराशी हंसाबेन झोपाळ्यावर बसलेल्या. शेजारी मोती. मोती हा गल्लीतला कुत्रा. हंसाबेन रोज त्याला तूप लावलेली रोटली घालत आणि 'मारो मोती एकदम शाकाहारी' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वास्तविक प्रमिलाबाईंनी या शाकाहारी महाराजांना चिकनच्या दुकानाच्या फळीखाली शेपूट हलवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण एका भाडेकरूने दुसऱ्याची चहाडी कशाला करायची?

"दर रविवारे क्यां जाओ छो?" हंसाबेनने कौतुकाने विचारलं.

हिलालभाऊंच्या तोंडून जे पहिलं आलं ते असं: "सत्संगमां."

झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीत त्यांचा भाव वधारला. बायका वाटेत थांबून जय श्रीकृष्ण म्हणायला लागल्या. हंसाबेन वर डाळढोकळी पाठवायच्या, सणाला नारळ द्यायच्या. आणि दर रविवारी संध्याकाळी विचारायच्या, आज महाराजांनी काय सांगितलं? मग हिलालभाऊंना रिक्षात बसल्या बसल्या प्रवचन जुळवावं लागायचं. भरल्या पोटी माणसाला बरंच सुचतं. एकदा म्हणाले, "महाराजांनी सांगितलं, वरवर चाटून सुख मिळत नाही. कठीण नळी फोडावी, मग आतला रस हाती लागतो." हंसाबेनने डोळे मिटून हात जोडले आणि ते वचन मंदिरात आठ-दहा जणींना ऐकवलं. प्रमिलाबाई जिन्यात पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होत्या.

पण हसून झालं की त्यांना वाईटही वाटायचं. ही बाई आपल्याला गरम घास पाठवते आणि आपण तिला नळीचं तत्त्वज्ञान पाठवतो. वाईट वाटायचं, मग नळ सोडायचा, धार बघायची, आणि वाईट वाटणं वाहून जायचं.

एका शनिवारी हंसाबेन जिना चढून वर आल्या. गुडघे धरत, पायरी पायरी थांबत. बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "काले हुं पण आवीश. सत्संगमां."

उद्याच सत्संगाला येणार! हिलालभाऊंचं धाबं दणाणलं. प्रमिलाबाईंनी गच्चीवर जाऊन नूतनला फोन लावला.

"अवं अक्का, मी तं मटन सांगी दिधं ना!" नूतन तिकडून ओरडली. "गोपालना काका-काकू गावथून येई ऱ्हायनात. त्यास्ले काय भोपया खावाडू?"

"मटन राहू दे. पन सत्संग बी लागी."

"सत्संग? आपले कोठे येस?"

"कानबाईना गाना येतस का नही? त्याच म्हनानात."

असा बेत ठरला. मटण शेजारच्या ताराबाईकडे शिजवायचं. ताराबाई परभणीकडची, मनाने मोकळी, आणि बदल्यात एक वाटी मिळणार म्हणून आनंदाने तयार. नूतनच्या घरात फक्त भजन. महाराज बाहेरगावी गेलेत असं सांगायचं. आणि पाहुणी उपाशी कशी पाठवायची, म्हणून तिच्यासाठी शेवभाजी. इथे खानदेशाबाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. आमच्याकडे शेवभाजीचा रस्सा आणि मटणाचा रस्सा एकाच मसाल्याचे. तोच काळा रंग, तोच वास, वर तीच लाल तर्री. शेव तर वाढताना वरून घालतात. चमचा तळाशी घालून ढवळेपर्यंत कुठल्या पातेल्यात काय आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

रविवारी सकाळी हंसाबेन पांढरी साडी नेसून, पिशवीत नारळ आणि पेढे घेऊन सगळ्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसल्या. वाटेत बोलत होत्या. सून फोन उचलत नाही, मुलगा कामात असतो, रविवार म्हणजे नुसता टीव्ही आणि मोती. गोडादरा मागे पडलं, नवागाम आलं. गल्लीत शिरल्यावर घराघरातून कुकरच्या शिट्ट्या आणि भाजलेल्या खोबऱ्याचा, मिरचीचा, मसाल्याचा वास. रविवार तो रविवार!

हंसाबेनने नाक वर केलं. "आ शेनी सुगंध?"

"मसाला," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आमचा खानदेशी मसाला." हे खरं होतं. त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य.

सत्संग सुरू झाला. नूतनने गणपतीच्या फोटोला हार घातला होता, समोर तांदूळ, नारळ. गल्लीतल्या बायका निम्म्या भक्तीने आणि निम्म्या गंमत म्हणून जमलेल्या. गोपालने ढोलकी घेतली. एक आरती झाली, एक अभंग अर्ध्यावर अडकला, आणि मग कोणालाच काही येईना. नूतनने प्रमिलाबाईंकडे पाहिलं, प्रमिलाबाईंनी मान हलवली, आणि कानबाईची गाणी सुरू झाली. श्रावणात कानबाई देवी बसवतात तेव्हाची, अहिराणी, टाळ्यांवरची, फुगडीतली. ही मात्र सगळ्यांना मुखोद्गत. आवाज चढला. गोपाल ढोलकीवर असा काही पेटला की हंसाबेनला एक शब्द कळत नसूनही त्यांचे हात आपोआप टाळी द्यायला लागले, मग पाय, आणि मग गुडघे विसरून त्या उठल्या आणि गरबा फिरायला लागल्या. त्यांच्यामागे नूतन, तिच्यामागे ताराबाई, मागे सगळ्या. एवढ्याशा खोलीत एवढं मोठं रिंगण! घरात पंखा होता, तो कोणाच्या तरी हाताला लागतो की काय म्हणून हिलालभाऊ त्याच्याखाली दोन्ही हात वर करून उभे, आणि बाहेरून बघणाऱ्यांना वाटावं की सर्वांत मोठे भक्त हेच.

तेवढ्यात ताराबाईची कोंबडी आत आली. तिने आधी फोटोसमोरचे तांदूळ टिपले, मग कपाटाखालून पळणारं एक झुरळ उचललं आणि सर्वांसमक्ष गिळून टाकलं. योगिताला हसू आवरेना. प्रमिलाबाईंनी तिला चिमटा काढला आणि स्वतःच फिस्सकन हसल्या. हंसाबेनही हसत होत्या. कशाला ते त्यांनाही माहीत नसावं. घामाने चेहरा फुललेला, केस सुटलेले, त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

आता मधल्या वेळात काय झालं होतं ते ऐका. नूतनचा गॅस ऐनवेळी संपला. म्हणून शेवभाजीचा रस्सासुद्धा उकळायला ताराबाईकडेच गेला. म्हणजे दोन्ही पातेली एकाच ओट्यावर, शेजारी शेजारी. भजन संपलं, पंगत बसली आणि नूतनने गोपालला रस्सा आणायला पिटाळलं.

गोपाल पातेलं घेऊन आला आणि प्रमिलाबाईंनी ते लगेच ओळखलं. ते पोचा पडलेलं मोठं पातेलं होतं. नूतनच्या लग्नातलं. मटण ती कायम त्यातच करायची; कित्येक रविवार प्रमिलाबाईंनी त्याच पातेल्याच्या तळाची खरवड काढून खाल्ली होती. त्या नूतनकडे बघायला लागल्या, पण नूतनचं लक्ष कुठे? ती पाहुणीला आग्रह करण्यात दंग. पळीभर रस्सा ताटात पडला, वर शेव पडली, भाकरी आली.

"वाह," हंसाबेन म्हणाल्या, "रंग तो जो!" आणि त्यांनी भाकरी मोडली.

प्रमिलाबाईंना काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. या मसाल्यात कोणाला काय कळणार? बाई चार घास खाईल, तिखट लागलं म्हणून पाणी पिईल, रिक्षात बसेल, आणि उद्या परत मोरीत धार पडेल. तोंड उघडलं तर मात्र परत ही गल्ली, परत रांग, परत गठ्ठे डोक्यावर घेऊन बाहेर उभं राहणं. हंसाबेनने घास रश्शात बुडवला. ही बाई पहिली रोटली गायीला घातल्याशिवाय तोंडात अन्न घालत नाही. घास वर उचलला गेला.

"थांबा! हंसाबेन, नका खाऊ! मटण आहे त्यात!"

नुसतं ओरडून थांबल्या नाहीत, पंगत ओलांडून त्यांनी हंसाबेनच्या हातावर फटका मारला. घास उडाला, भिंतीला लागला, खाली पडला, आणि कोंबडीने तो क्षणात लंपास केला.

शेजारच्या घरातला कुकर तेवढा वाजला.

मग नूतनने कपाळावर हात मारला. "अवं अक्का! यामा कोठलं मटन? काका-काकू वाढनात म्हनीसन मी मटन ताराबाईना मोठा पातेलामा करं. हाई तं शेवभाजीनंच शे!" तिने पळी तळापर्यंत घातली, ढवळली, वर काढली. नुसता रस्सा. परत काढली. नुसता रस्सा. हिलालभाऊंनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

हंसाबेन आपल्या लाल झालेल्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"पण प्रमिला, तने एवुं लाग्युं केम?"

वेळ मारून न्यायची प्रमिलाबाईंना आता इच्छाच उरली नव्हती. त्या तिथेच, पंगतीच्या मधोमध, फतकल मारून बसल्या.

"कारण मी खाते, हंसाबेन. आम्ही सगळे खातो. दर रविवारी याच घरात. मला सगळंच आवडतं. तुमची डाळढोकळी आवडते आणि मटणपण आवडतं, त्यात खोटं काही नाही. खोटं फक्त तुमच्याशी बोलले. नळाला पाणी होतं म्हणून बोलले. तुमच्या घरात मात्र कधी शिजवलं नाही, लेकीची शपथ."

हंसाबेन त्यांच्याकडे वळल्या.

"एटले सत्संग...?"

"नाही."

"अने महाराज?"

प्रमिलाबाईंनी हिलालभाऊंकडे बोट दाखवलं. मिशीला खोबरेल लावलेले महाराज आणखीच खाली वाकले.

"अने नळी फोडवानी...?" हंसाबेन थांबल्या. नळी कसली ते त्यांच्या ध्यानात येत होतं; चेहऱ्यावर ते हळूहळू चढताना सगळ्यांनी पाहिलं. "हाय हाय! में तो मंदिरमां बधांने कह्युं!"

आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. त्या हसतात म्हणून नूतन हसली, ताराबाई हसली, गोपालने उगीच ढोलकीवर एक थाप मारली. प्रमिलाबाई मात्र हसल्या नाहीत. हंसाबेनचं हसू ओसरेपर्यंत त्या मान खाली घालून थांबल्या आणि मग विचारलं, "खोली कधी रिकामी करू?"

हंसाबेनने पदराने डोळे पुसले. ताटातली कोरडी शेव उचलून तोंडात टाकली, सावकाश चावली.

"तू रूम खाली करीश," त्या म्हणाल्या, "तो रविवारे मने अहीं कोण लावशे?"

प्रमिलाबाईंना रडू कोसळलं. त्यांना ते आवरायचंही नव्हतं. हंसाबेनने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच बोट उगारून अटीही घातल्या. घरात आणायचं नाही. इथे जे खायचं ते खुशाल खा. पण आधी सत्संग, पुरा सत्संग, मग ताट. आणि महाराजांनी यापुढे प्रवचन करायचं नाही. हिलालभाऊंनी हात जोडले.

मग हंसाबेन एक पेढा आणि मूठभर शेव घेऊन बाहेर ओट्यावर गेल्या आणि गल्लीकडे तोंड, घराकडे पाठ करून बसल्या. "खाओ हवे," त्यांनी मागे न बघता सांगितलं, "हुं जोती नथी. पण जलदी करजो, चार वाग्ये मारी सिरियल छे."

ताराबाईकडून मोठं पातेलं आलं. आत सगळे जेवत होते, नाकं ओढत होते, वाट्या पुढे करत होते, आणि बाहेर ओट्यावर हंसाबेन मांडीवर टाळी देत कानबाईचं गाणं चुकीच्या शब्दांत गुणगुणत होत्या. एरवी ताटात येईल ते खाणाऱ्या प्रमिलाबाईंनी त्या दिवशी आणखी एक भाकरी मागून घेऊन खाल्ली.